कोंडाईनं थाळी थांबवली

फार वर्षांपूर्वी, म्हणजे धामणदऱ्याला चढायला फक्त मेंढरांनी पाडलेली वाट होती तेव्हा, डोंगराच्या खांद्यावर धनगरांची एक वाडी होती. खाली धामणदरा गाव, वर वाडी, आणि मधे करवंदीच्या जाळ्या. त्या वाडीत कोंडाई जन्मली.

तिचं जन्मणंच साधं नव्हतं, असं म्हणतात. आई मेंढरांमागं माळावर गेलेली असताना तिथंच कळा सुरू झाल्या. जवळ माणूस नाही, झाडाची सावलीही नाही. मूल बाहेर आलं ते पाण्याच्या पिशवीसकट, पिशवी जरासुद्धा न फाटता. आई घाबरली. तिला वाटलं, हे मूल नव्हेच, काहीतरी भलतंच झालं. तेवढ्यात कळपातली एक म्हातारी मेंढी पुढं आली, तिनं पिशवी हुंगली आणि आपलंच कोकरू असल्यासारखी चाटत चाटत ती फोडली. आतून पोरगी रडली. म्हाळू धनगर, म्हणजे कोंडाईचा बाप, मरेपर्यंत अभिमानानं सांगायचा, "माझ्या लेकीची पहिली सुईण मेंढी हुती."

अशी पोरगी वाढली ती कळपातच. एखादी मेंढी अडली की म्हाळू तिलाच हाक मारायचा, कारण तिचे हात लहान होते आणि धीर मोठा होता. ती हळूच हात घालून कोकराचे पाय सरळ करायची आणि कोकरू मोकळं व्हायचं. कोकरू धडपडत उभं राहिलं, आचळाला लागलं, की कोंडाई हात पुसत उठायला बघायची. बाप म्हणायचा, "बस खाली. वार पडू दे."

आता वार म्हणजे काय, ते तुमच्यातल्या लहानांना सांगायला हवं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या बेंबीतून एक नाळ निघते. त्या नाळेचं दुसरं टोक जिच्यात रुजलेलं असतं, ती वार. आईच्या पोटात, आतल्या भिंतीला ती घट्ट धरून बसते. बाळ आधी बाहेर येतं आणि वार त्याच्या मागून येते, तिला यायचं तेव्हा येते. बाळाकडं सगळे बघतात. वारेकडं कोण बघतो?

म्हाळू बघायचा. "वार आत ऱ्हायली तर मेंढी ऱ्हात न्हाई," तो सांगायचा. "आन् वडायची न्हाई. वडली की तुटती. बसायचं आपलं." मग बापलेक मेंढीपाशी बसून राहायची. कधी उन्हं कलायची, कधी वारा सुटायचा, पण वार पडल्याशिवाय म्हाळू कळप हलवायचा नाही.

कोंडाईला एक थोरली बहीण होती, गवरा. तिला पलीकडच्या वाडीत दिलेली. गवराला दिवस गेले, भरले, आणि तिला बरं वाटावं म्हणून कोंडाई तिच्याकडं जाऊन राहिली. तेव्हा कोंडाई ऐन विशीतली होती, तिला अजून कुणी सुईण म्हणत नव्हतं. बाळंतपण करायला त्या वाडीतल्या जाणत्या बाया होत्या.

त्या काळी सगळ्या खोऱ्यात एक रीत होती. मुलगा झाला की काशाची थाळी वाजवायची आणि मुलगी झाली की नुसतं सूप आपटायचं. थाळी घणघणली की लोक हातातलं काम टाकून धावायचे, गूळ वाटायचे, नाचायचे. गवराला मुलगा झाला. थाळी वाजली. खोलीतल्या बाया पोराला घेऊन बाहेर पळाल्या, कारण पोराला आधी कुणाच्या मांडीवर द्यायचं यावरून त्यांच्यात चढाओढ होती. मागं राहिल्या कोंडाई आणि एकच जाणती बाई, आणि त्या बाईचाही जीव बाहेरच्या नाचात होता. वार लवकर पडेना म्हणून त्या बाईनं नाळ धरून हिसका दिला. नाळ तुटली. वार आत राहिली, आणि ती बाईही बाहेर निघून गेली.

गवरा म्हणाली, "कोंडे, पानी."

मग म्हणाली, "कोंडे, मला थंडी वाजतीया."

कोंडाईनं अंथरूण पाहिलं तर ते लाल झालेलं. ती दारात आली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. पण थाळी वाजत होती. तिनं पुन्हा हाक मारली, बायांची नावं घेऊन हाक मारली. थाळी वाजतच होती. शेवटी ती गर्दीत घुसली आणि थाळीवर हाताचा पंजा दाबून धरला. घणघणाट एकदम बंद झाला. सगळे चिडून तिच्याकडं बघायला लागले.

ती परत खोलीत गेली तेव्हा गवरा संपली होती.

म्हणतात, कोंडाई रडली नाही. ती त्या पोराला घेऊन घरी आली, त्याला मेंढीच्या दुधावर वाढवलं, आणि बापाला एवढंच म्हणाली, "आबा, मेंढरासाठी आपुन थांबतो. बाईसाठी कुनी थांबलं न्हाई."

त्या दिवसापासून ती बाळंतपणं करायला लागली.

सुरुवातीला वाडीतल्या, मग खालच्या गावातल्या गरीब घरच्या बाया तिला बोलवायच्या. तिची एकच अट असायची. ती दारात उभी राहून सांगायची, मगच उंबरा ओलांडायची: "वार पडंस्तवर थाळी वाजनार न्हाई. सूपबी न्हाई. कुनी हलायचं न्हाई." लोकांना ते विचित्र वाटायचं. काहींना अपशकुनी वाटायचं. मूल झाल्यावर आनंद करायचा नाही म्हणजे काय? पण कोंडाईच्या हातची बाई वाचते हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि लोक कुरकुरत का होईना, थांबायला लागले.

वार पडली की कोंडाई ती टाकून देत नसे. तोपर्यंत रीत अशी होती, की वार म्हणजे घाण, ती फडक्यात गुंडाळून लांब फेकायची. कोंडाई ती केळीच्या पानावर पसरायची आणि घरातल्या बायांना जवळ बोलवायची. एकदा एका पोटुशी पोरीनं तिला भीत भीत विचारलं, "कोंडाई, लेकराला तोंड हाय, पन आत भाकरी कुठं हाय? त्ये जगतं कशावर?"

"ये, बघ," कोंडाई म्हणाली. "भिऊ नगंस."

तिनं पानावरची वार दाखवली. तिची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत होती, आणि नाळेपासून निघून शिरा सगळीकडं पसरल्या होत्या, जसं माळावरच्या वडाचं झाड आभाळात पसरतं तशा. "ही लेकराची बाजू. ह्ये त्याचं झाड." मग तिनं वार अलगद उलटी केली. दुसरी बाजू खडबडीत होती, नांगरून ठेवलेल्या रानासारखी, ढेकळं ढेकळं असलेली. "ही आईची बाजू. ह्या बाजूनं ती आईत रुजलेली असती. आईनं भाकरी खाल्ली की तिचा कस हितं येतो, आन् ह्या झाडातनं लेकराकडं जातो. आई श्वास घेती, त्यो बी हितनंच त्याला पोचतो. लेकराच्या अंगातलं नको ते सगळं ह्याच वाटंनं माघारी येतं, आन् त्ये आई निस्तारती."

"म्हंजी आईचंच रक्त लेकरात जातं?"

"न्हाई गं. आईचं रक्त आईपाशी, लेकराचं लेकरापाशी. दोघांच्या मधी ही बसल्याली. हिकडचं चांगलं तिकडं देती. वंगाळ अडवायला बघती. सगळंच अडत न्हाई, म्हनून तूबी जपून खा-पी." मग कोंडाईनं ती ढेकळं बोटांनी एकमेकांना जुळवली, फुटलेल्या भाकरीचे तुकडे जुळवावेत तशी. "आन् ही आली म्हंजी सगळी आली का, त्ये बघायचं. एक ढेकूळ जरी आत ऱ्हायलं, तर बाईचं रगत थांबत न्हाई."

मग ती वार घेऊन जायची आणि खोल खड्डा करून, वर दगड ठेवून पुरायची. "जिनं नऊ म्हैनं जेवू घातलं तिला कुत्र्यापुढं टाकायची?" ती विचारायची. जिथं जिथं तिनं वार पुरली तिथं दुष्काळातही गवत हिरवं राहायचं, असं म्हणतात.

आता धामणदऱ्याचे पाटील होते हैबतराव. मोठं घर, मोठा दरारा. वाडीच्या मेंढरांनी कुठल्या माळावर चरायचं, ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. त्यांच्या पत्नी आवडाबाई त्यांच्याहून कडक. त्यांना एकुलता एक मुलगा, आणि त्या मुलाच्या लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही पाळणा हललेला नव्हता. नवस झाले, उपास झाले, आणि शेवटी सून चिमा हिला दिवस राहिले. सगळं गाव त्या बाळाची वाट बघायला लागलं.

पण चिमानं हट्ट धरला. ती एरवी सासूपुढं मान वर करत नसे. तेव्हा मात्र म्हणाली, "आत्याबाई, कोंडाई यील तरच मी बाळंत व्हईन."

आवडाबाईंना ते मुळीच आवडलं नाही. पण पोटुशीचा हट्ट मोडायचा कसा? त्यांनी कोंडाईला बोलावून घेतलं आणि ओटीवर उभं करूनच सुनावलं.

"कोंडे, तुझ्या त्या अटी गरिबांच्या घरात ठेव. माझ्या घरात पोरगा झाला की त्याच घटकेला थाळी वाजंल. खोऱ्यात सगळीकडं ऐकू जाईल अशी वाजंल. आन् तुझ्या हातनं काही कमीजास्त झालं, तर तुझ्या वाडीचं एक मेंढरू ह्या डोंगरावर दिसायचं न्हाई. समजलं?"

कोंडाईला समजलं. माळ गेला तर वाडी गेली. तिच्या डोळ्यांपुढं वाडीतल्या चुली आल्या, म्हातारा आबा आला, गवराचा वाढता पोरगा आला. क्षणभर तिला वाटलं, मागं फिरावं. मग ओसरीच्या आत चिमाचा चेहरा दिसला. चिमा तिच्याकडंच बघत होती.

"समजलं, पाटलीणबाई," कोंडाई म्हणाली. "मी येती."

चिमाला कळा सुरू झाल्या त्या एका सकाळी. उन्हं वर आली तोवर पाटलांच्या अंगणात गाव जमा झालं होतं. हलगीवाले आले, सनई आली. ओसरीच्या तुळईला दोरीनं एक काशाची थाळी टांगली होती, एवढी मोठी की एका माणसाला कवळता येऊ नये. पाटलांचा गडी हातात टिपरू घेऊन तिच्यापाशी उभाच होता.

आत कोंडाईनं चिमाला भिंतीशी उकिडवं बसवलं होतं. आवडाबाई शेजारी होत्या, त्या हटायला तयार नव्हत्या. दुपार झाली, आणि मूल आलं.

मुलगा होता. पण तो रडला नाही. अंग निळसर, हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबणारे.

आवडाबाईंचा धीर सुटला. "काप नाळ! काप, आन् दे त्याला माझ्याकडं! शेकते मी त्याला!"

"न्हाई," कोंडाई म्हणाली.

"कोंडे!"

कोंडाईनं पोराला चिमाच्या पोटावर घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसायला, पाठ चोळायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हातानं आवडाबाईंचा हात धरून नाळेवर ठेवला. पाटलीणबाईंचा हात आजवर असा कुणी धरला नव्हता.

"काय लागतंय?"

आवडाबाई थबकल्या. त्यांच्या बोटांखाली नाळ उडत होती. ठक, ठक, ठक. एखादी चिमणी मुठीत धरावी तशी.

"लेकराचं काळीज हाय त्ये. आन् आत वार बसलीया, तिनं अजून त्याला सोडल्यालं न्हाई," कोंडाई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "त्यो अजून आपला श्वास घेत न्हाई, म्हनून हीच त्याला पुरवतीया. त्यो सवता श्वास घेस्तवर हिची वाट तोडू नगा, पाटलीणबाई. नऊ म्हैनं सांभाळलंय तिनं. अजून जरा सांभाळंल."

आवडाबाईंनी हात काढला नाही. त्या ठोके ऐकत राहिल्या, बोटांनी. कोंडाई पाठ चोळत राहिली. आणि मग पोराचं अंग शहारलं, त्यानं तोंड उघडलं, आणि असा काही टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. निळं अंग बघता बघता लाल झालं. बोटांखालची नाळ हळूहळू मंद होत गेली, आणि थांबली. मगच कोंडाईनं ती बांधून कापली.

बाहेर टाहो ऐकू गेला होता. अंगणात एकच कल्ला झाला. पोरगाच असणार असं धरून गड्यानं टिपरू उचललं आणि थाळीवर पहिला टोला हाणला. घण्ण!

आत चिमाचं डोकं भिंतीला टेकलं. तिचे ओठ हलले. "पानी," ती म्हणाली.

कोंडाईला गवरा आठवली. तेच घर, तीच थाळी, तोच शब्द, असं तिला झालं. वार अजून पडली नव्हती आणि तिला चिमाला सोडून उठता येत नव्हतं. ती ओरडली, पण बाहेर दुसरा टोला पडला आणि तिचा आवाज त्यात बुडाला.

आवडाबाईंनी मात्र चिमाचा शब्द ऐकला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या वक्ताला मला कुनी पानीबी इचारलं न्हवतं. सगळी थाळीकडं गेली हुती."

आणि त्या उठल्या.

आजवर कधी पुरुषांपुढं डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली पाटलीण भर दुपारी, पदर खांद्यावर, धावत ओसरीवर आली, असं म्हणतात. गड्याचा तिसरा टोला हवेतच होता. आवडाबाईंनी दोन्ही हातांचे पंजे थाळीवर मारले आणि थाळी छातीशी दाबून धरली. घणघणाट मेला.

"चूप!" त्या गरजल्या. "सगळी चूप बसा. वार पडली न्हाई अजून!"

हैबतराव पुढं आले. "अवो, पन झालं काय? पोरगा का पोरगी?"

"ते मागनं," आवडाबाई म्हणाल्या. "आदी माझी सून."

मग त्या पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या, आणि धामणदरा थांबला. असं थांबणं खोऱ्यानं कधी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. हलगीवाल्यांनी हलग्या पोटाशी धरल्या. जात्यावरच्या बायांनी खुंटा सोडला. कुत्रं भुंकलं नाही, गाय हंबरली नाही. खालच्या नदीनंसुद्धा दगडांवरून वाहताना आवाज केला नाही. काही जण तर सांगतात, की सूर्यच डोंगरावर टेकून उभा राहिला होता. तुम्हाला पटत असेल तेवढं घ्या.

आत आवडाबाई चिमाला घोट घोट पाणी पाजत होत्या. कोंडाईनं पोराला आईच्या छातीशी लावलं. "प्यायला लाग रं वाघा," ती म्हणाली. "तू प्यालास म्हंजी पोट आवळंल, पोट आवळलं म्हंजी वार सुटंल. आईला वाचवायचं आता तुझ्या हाती हाय." पोरगं चुळबुळलं, चुकलं, पुन्हा शोधायला लागलं, आणि मग लागलं. कोंडाईनं नाळेला हात लावला नाही. ती बसली, बापासोबत माळावर बसायची तशी.

आणि वार आली.

कोंडाईनं ती पानावर घेतली, उलटी केली, ढेकळं जुळवली. आवडाबाई वाकून बघत होत्या. "आली ना? आता वाजवू दे?"

कोंडाईनं वार उजेडाकडं सरकवली. तिनं पुन्हा जुळवली. काठाशी एक खाच राहत होती. चिमाचं पोट अजून मऊ होतं, आणि रक्त थांबत नव्हतं.

"एक तुकडा आत हाय," ती म्हणाली.

आवडाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी नुसतं विचारलं, "मी काय करू?"

हे शब्द पाटलीणबाईंच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकले नव्हते. कोंडाई म्हणाली, "मागनं तिला धरा. घट्ट." दोघींनी चिमाला परत उकिडवं बसवलं. सासूनं सुनेला पाठीमागून मिठी घातली, पोरगं छातीशी तसंच पीत होतं, आणि कोंडाईनं ओटीपोटावर हात ठेवून चोळायला सुरुवात केली, गोल, गोल, न थांबता. चोळता चोळता ती बोलत होती. कुणाशी, ते आवडाबाईंना कळलं नाही. गवरा म्हणून कुणाला तरी ती सांगत होती, "ह्या वक्ताला न्हाई गं. ह्या वक्ताला न्हाई."

तेवढ्यात तिच्या हाताखाली पोट दगडासारखं कडक झालं. चिमा कण्हली. राहिलेला तुकडा आला. कोंडाईनं तो उचलून खाचेत बसवला, आणि तो बसला, जणू दारात कडी बसावी. रक्त मंदावलं, आणि मग थांबलं.

चिमानं डोळे उघडले. पोटावर सासूचे हात होते, ते तिनं चाचपले आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमचं हात किती कापत्याती."

तेव्हा आवडाबाई पाटलीण रडल्या. मोठ्यानं, लहान पोरीसारख्या.

त्या डोळे पुसून बाहेर आल्या तेव्हा गडी टिपरू घेऊन पुढं झाला. आवडाबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आत जाऊन कोंडाईपुढं धरलं. "तू वाजीव."

"मी कशी, पाटलीणबाई?"

"तूच. माझ्या घरात दोन जीव जन्माला आलेत आज."

कोंडाई ओसरीवर आली. गाव उभं होतं, पाटील उभे होते, गर्दीच्या मागं तिचा म्हातारा आबा काठीला टेकून उभा होता. तिनं थाळीकडं पाहिलं. कितीतरी वर्षं ती या आवाजावर हात ठेवत आली होती. मग तिनं दोन्ही हातांनी टिपरू उचललं आणि हाणलं.

असा आवाज पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. तो खोऱ्यातून गेला, डोंगरावर आपटला, पलीकडच्या खोऱ्यात उतरला. माळावरची मेंढरं एका सुरात ओरडली. झाडावरची न पिकलेली करवंदं पिकली. आणि पलीकडच्या वाडीत, जिथं गवरा गेली होती, तिथं चुलीपुढं बसलेल्या एका म्हातारीनं मान वर करून विचारलं, "आज कुठली बाई वाचली गं?"

त्या दिवशी हैबतरावांनी डोंगराचा तो सगळा माळ वाडीला चरायला मोकळा केला. पण लोकांना लक्षात राहिलं ते दुसरंच. थाळी आता पोरासाठी वाजत नव्हती, बाईसाठी वाजत होती. मग मुलगी झाली तर ती का वाजू नये, याचं कारणच कुणाला सापडेना. पुढच्याच महिन्यात गावात एका घरी मुलगी झाली, आणि वार पडल्यावर थाळी वाजली. सुपं जी भिंतीवर टांगली गेली ती धान्य पाखडायलाच खाली येऊ लागली.

कोंडाईचं नाव दूरदूर गेलं. घाटाखालून डोल्या यायच्या तिला न्यायला. एकदा नदी दुथडी भरून वाहत होती आणि पलीकडं एक बाई अडली होती. कोंडाई काठावर उभी राहिली आणि नदीला म्हणाली, "तूबी बाईच हायेस ना? मग थांब जरा." नदी गुडघ्याइतकी झाली आणि कोंडाई लुगडं खोचून चालत पलीकडं गेली, असं म्हणतात. परत येताना मात्र तिला तीन दिवस थांबावं लागलं. नदीही शेवटी किती थांबणार!

कोंडाई पिकल्या पानासारखी गेली, आपल्या माळावर, बसल्या बसल्या. गवराचा पोरगा तेव्हा नातवंडांचा धनी झाला होता, तो तिच्याजवळ होता. त्या दिवशी मेंढरांनी गवताला तोंड लावलं नाही, आणि चिमा पाटलीण, जी आता घरातली मोठी होती, तिनं वाडीवर येऊन तिला न्हाऊ घातलं. जातीपातीच्या गोष्टी तेव्हा किती कडक होत्या ते मोठ्यांना ठाऊक आहे. पण चिमाला अडवायची छाती कुणाची झाली नाही.

आता धामणदऱ्याला डांबरी रस्ता आहे, आणि बाळंतपणं घरी होत नाहीत. बायका तालुक्याच्या दवाखान्यात जातात, तेच बरं. पण अजूनही दवाखान्यातून गावाकडं फोन आला, की इकडून पहिला प्रश्न मुलगा की मुलगी असा येत नाही. इकडून विचारतात, "वार पडली? सगळी?" तिकडच्या नर्सबाई आता ओळखतात, धामणदऱ्याचं माणूस आहे म्हणून. त्या हसून सांगतात, "पडली हो, सगळी पडली, बघितली मी." मगच पेढ्याचा पुडा फुटतो.

आणि माघी पुनवेला माळावर कोंडाईची पंगत बसते. त्या वर्षात बाळंत झालेल्या बायांनी रांगेत बसायचं आणि गावातल्या पुरुषांनी वाढायचं, ही तिथली रीत. बाळं बापांकडं असतात, लांब, करवंदीच्या जाळीपलीकडं, आणि तिथं जो काय गोंधळ चालतो तो बघण्यासारखा असतो. जिचं मूल राहिलं नाही, तिचंही पान असतं, आणि पहिला घास तिला वाढतात. वाढणाऱ्यानं पंगतीत बाळाविषयी एक शब्द काढायचा नाही. त्यानं प्रत्येक पानापुढं वाकून, बाईच्या डोळ्यांत बघून, एवढंच विचारायचं: "तू कशी हायेस?"

आणि बाईनं खरं उत्तर दिल्याशिवाय पुढच्या पानाकडं सरकायचं नाही. त्यामुळं ती पंगत उठायला दिवस मावळतो. पण धामणदऱ्याला त्याची घाई नसते.